थरथरणारं काचेचं टेबल आणि खोलीभर कॉम्प्युटर: एत्तोरे सोत्सास यांची गोष्ट



इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना तुम्हाला एक आरसा बहुतेक दिसला असेल. माणसापेक्षा उंच, दोन्ही बाजूंनी लाटांसारखी वळणं घेणारी चौकट आणि त्या चौकटीतून झिरपणारा गुलाबी उजेड. समोर कुणीतरी मोबाईल धरून सेल्फी काढतंय. या आरशाचं नाव आहे अल्ट्राफ्रागोला. इटालियन भाषेत फ्रागोला म्हणजे स्ट्रॉबेरी. बघताना वाटतं, हा खास सेल्फीसाठीच बनवलाय. पण याचं डिझाइन आहे १९७० सालचं. तेव्हा सेल्फी नव्हती, मोबाईल नव्हता, इंटरनेटही नव्हतं.

हा आरसा कुणी बनवला, ते शोधता शोधता मी एका टेबलापाशी येऊन थांबलो. १९७९ सालचं इटालियन टेबल. खाली लॅमिनेटने मढवलेला बैठा पाया, त्यातून वर निघालेल्या धातूच्या चार रंगीत नळ्या आणि त्यांच्यावर काच. पण या नळ्या सरळ नाहीत. पाण्यात हललेल्या प्रतिबिंबासारख्या वेड्यावाकड्या आहेत. टेबलाचं नाव आहे ले स्त्रुत्तुरे त्रेमानो, म्हणजे साधारण 'सांगाडे थरथरतात'.

आणि खरा धक्का पुढे होता. हे टेबल आणि तो आरसा ज्यांनी बनवला, त्याच माणसाने इटलीच्या पहिल्या व्यावसायिक कॉम्प्युटरलाही रूप दिलं होतं. त्यांचं नाव एत्तोरे सोत्सास. चला तर मग, आज त्यांचं आयुष्य समजून घेऊया. कारण तुमच्या हातातल्या फोनशी त्याचा संबंध आहे, तो कसा ते शेवटी सांगतो.

आर्किटेक्टच्या घरातला मुलगा

सोत्सास यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१७ रोजी इन्सब्रुक शहरात झाला. हे शहर आज ऑस्ट्रियात आहे. आई ऑस्ट्रियन आणि वडील इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले. वडीलही आर्किटेक्ट, आणि गंमत म्हणजे त्यांचंही नाव एत्तोरे सोत्सासच. पुढे हे कुटुंब ट्यूरिनला राहायला गेलं. ट्यूरिन म्हणजे इटलीचं कारखान्यांचं शहर. तिथल्याच पॉलिटेक्निकमधून मुलाने १९३९ साली आर्किटेक्चरची पदवी घेतली.

आता १९३९ हे साल बघा. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं. हातात नवी कोरी पदवी आणि अंगावर सैनिकाचा गणवेश. इमारती उभ्या करायला शिकलेल्या या मुलाची सुरुवातीची वर्षं इमारती पडताना बघण्यात गेली. युद्ध संपल्यावर ते मिलानला आले आणि स्वतःचा छोटा स्टुडिओ सुरू केला. काम मिळेल ते. घरांची कामं, प्रदर्शनांची मांडणी, चित्रं, सिरॅमिक, लेख. १९४९ मध्ये त्यांनी फेर्नांदा पिव्हानो यांच्याशी लग्न केलं. पिव्हानो अमेरिकन साहित्य इटालियनमध्ये आणणाऱ्या मोठ्या अनुवादक होत्या. त्यांच्यामुळे घरात लेखक, कवी यांचा राबता असे.

१९५६ मध्ये सोत्सास अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज नेल्सन या नामांकित डिझायनरच्या ऑफिसात काही काळ काम केलं. तिथे त्यांना कारखान्यात हजारोंनी बनणाऱ्या वस्तूंची ताकद जवळून दिसली. परत आल्यावर पोल्ट्रोनोव्हा या फर्निचर कंपनीचे ते सल्लागार झाले. तो गुलाबी आरसा पुढे याच कंपनीसाठी बनला. आणि मग आला तो फोन, जसा आपल्याकडे एखाद्या मोठ्या कंपनीचा ऑफर लेटर येतो तसा. समोर होती ऑलिव्हेट्टी.

कॉम्प्युटरला चेहरा कोण देणार?

ऑलिव्हेट्टी ही उत्तर इटलीतल्या इव्हरेआ गावातली टाइपरायटर बनवणारी कंपनी. मालक आद्रियानो ऑलिव्हेट्टी जरा वेगळाच माणूस होता. कामगारांसाठी वाचनालय, पाळणाघर, चांगली घरं, चांगल्या इमारती. आपल्या मशीनमध्ये इंजिनिअरिंगइतकंच डिझाइनही महत्त्वाचं, असा त्याचा आग्रह. १९५० च्या दशकात त्याने ठरवलं की इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनवायचा. टीमचा प्रमुख होता मारिओ चू. चिनी राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा, जन्म रोमचा, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकवून आलेला तरुण इंजिनिअर.

या मशीनचं नाव एलेआ ९००३. एलेआ हे नाव कॉम्प्युटरच्या लांबलचक इटालियन वर्णनाच्या आद्याक्षरांवरून आलं आणि दक्षिण इटलीत याच नावाचं प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांचं एक शहरही होतं.

एलेआ ९००३ पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा होता. म्हणजे नेमकं काय? त्याआधीचे कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचे. ट्यूब म्हणजे काचेच्या बल्बसारख्या वस्तू, प्रचंड तापणाऱ्या आणि सारख्या उडणाऱ्या. ट्रान्झिस्टर तेच स्विचचं काम छोट्या जागेत, कमी विजेत आणि कमी उष्णतेत करतो. आज तुमच्या फोनच्या एका चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्या काळी संपूर्ण कॉम्प्युटर ट्रान्झिस्टरवर उभा करणं ही जगात मोजक्या लोकांनी घेतलेली उडी होती.

पण हा कॉम्प्युटर तरीही खोलीभर पसरलेला. कपाटंच कपाटं. १९५८ पासून सोत्सास ऑलिव्हेट्टीचे डिझाइन सल्लागार झाले आणि हे प्रकरण त्यांच्याकडे आलं. त्यांनी कंपनीची नोकरी घेतली नाही, सल्लागार राहूनच काम केलं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सोत्सास यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नव्हतं. त्यांनी प्रश्न वेगळा विचारला. या कपाटांमध्ये दिवसभर काम करणाऱ्या माणसाला कसं वाटेल? उंच कपाटं ठेवली तर ऑपरेटर त्यांच्या गल्ल्यांमध्ये हरवून जाणार, समोरचा सहकारी दिसणारच नाही. म्हणून त्यांनी कपाटांची उंची कमी केली. उभं राहिलं की पलीकडचा माणूस दिसायला हवा. दुसरी अडचण केबलची. त्या सहसा जमिनीखालून नेल्या जायच्या, मग एखादं कपाट हलवायचं तर फरशी उचकटा. त्यांनी केबल वरून, डोक्यावरच्या बंद पट्ट्यांमधून नेल्या. त्यामुळे मशीन वाढवायचं, बदलायचं, भाग इकडचा तिकडे करायचा, सगळं सोपं झालं. आजच्या डेटा सेंटरचे फोटो बघा, बऱ्याच ठिकाणी केबल अशाच डोक्यावरून जाताना दिसतील.

१९५९ मध्ये एलेआ ९००३ जगासमोर आला आणि इटलीतला डिझाइनचा सर्वात मोठा पुरस्कार, कोंपासो द'ओरो, त्याला मिळाला. पहिलं मशीन गेलं मार्झोत्तो या कापड कंपनीकडे. एकूण साधारण ४० मशीन बनली.

आणि मग सगळं कोसळलं. फेब्रुवारी १९६० मध्ये आद्रियानो ऑलिव्हेट्टी स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेप्रवासात असताना अचानक वारले. नोव्हेंबर १९६१ मध्ये मारिओ चू कार अपघातात गेले. वय फक्त ३७. डोकं आणि पाठीराखा दोन्ही गेले. कंपनीवर आर्थिक ताण होताच. १९६४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला विकला गेला. इटली कॉम्प्युटरच्या शर्यतीत पुढे होती आणि पाच वर्षांत ती बाजूला झाली.

भारत, आजारपण आणि पालो आल्टो

याच काळात, १९६१ मध्ये, सोत्सास आणि पिव्हानो भारतात आले. देशात फिरले. इथे त्यांनी एक गोष्ट पाहिली जी आपल्याला इतकी सवयीची आहे की दिसतच नाही. आपल्याकडे साध्या वस्तूलाही मान असतो. तांब्या, ताम्हण, समई, पाट. वापराची वस्तू आणि पूजेची वस्तू यांच्यात भिंत नसते. दसऱ्याला आपण स्क्रू ड्रायव्हरची आणि लॅपटॉपचीही पूजा करतो की! मिलानच्या शोरूममध्ये वस्तू विकली जाते, इथे वस्तूला हळदकुंकू लागतं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे.

परत गेल्यावर ते गंभीर आजारी पडले. मूत्रपिंडाचा आजार, जीवावर बेतलेला. आद्रियानोंचा मुलगा रोबेर्तो ऑलिव्हेट्टी याने त्यांना उपचारासाठी अमेरिकेत पाठवलं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या स्टॅनफर्डच्या हॉस्पिटलमध्ये ते बरेच दिवस होते. होय, तेच पालो आल्टो, जे आज सिलिकॉन व्हॅलीचं काळीज मानलं जातं. बेडवर पडल्या पडल्या त्यांनी आणि पिव्हानोंनी एक छोटं नियतकालिक काढलं. नाव ठेवलं खोलीच्या नंबरावरून, रूम ईस्ट १२८ क्रॉनिकल. मित्रांना पाठवण्यासाठी. आजच्या भाषेत सांगायचं तर हॉस्पिटलमधून चालवलेला ब्लॉग.

जगून बाहेर आल्यावर त्यांनी सिरॅमिकच्या दोन मालिका केल्या. १९६३ ची 'काळोखाची सिरॅमिक्स' आणि १९६४ ची 'शिवाला अर्पण'. दुसरीमध्ये साधारण १०० ताटल्या आहेत, मंडलासारखी वर्तुळं असलेल्या. बरं झाल्याचं हे आभारप्रदर्शन होतं. १९६७ मध्ये त्यांनी मिलानमध्ये माणसापेक्षा उंच सिरॅमिकचे रंगीत खांब मांडले. प्रदर्शनाच्या नावात स्तूप होता आणि पेट्रोल पंपही. दोन्ही एकाच ओळीत! देवळाची वस्तू आणि रस्त्यावरची वस्तू, त्यांना फरक करायचाच नव्हता.

लाल टाइपरायटर, म्हणजे त्या काळचा लॅपटॉप

ऑलिव्हेट्टीचं काम मात्र चालूच होतं. १९६९ मध्ये आला व्हॅलेंटाईन. ब्रिटिश डिझायनर पेरी किंग यांच्यासोबत बनवलेला, भडक लाल रंगाचा पोर्टेबल टाइपरायटर.

तोपर्यंत टाइपरायटर म्हणजे ऑफिसची वस्तू. करडा रंग, धातूचं वजन, साहेबासमोर बसलेला टायपिस्ट. सोत्सास यांनी तो एबीएस प्लास्टिकमध्ये बनवला. एबीएस म्हणजे लेगोचे ठोकळे ज्याचे असतात ते प्लास्टिक. कॉम्प्युटरच्या कीबोर्डची बटणंही बऱ्याचदा याचीच असतात. टाइपरायटरच्या मागच्या बाजूलाच हँडल. लाल डब्यात सरकवला की टाइपरायटरची पाठ हेच डब्याचं झाकण बनतं. दोन काळे रबरी पट्टे ओढून लावले की उचला आणि चला. बागेत, समुद्रावर, मित्राच्या खोलीवर. आत यंत्रणा जुनीच होती, ऑलिव्हेट्टीच्या लेत्तेरा ३२ मॉडेलची. बदललं ते बाहेरचं रूप, आणि त्यामुळे वस्तूचा स्वभावच बदलला.

पण मूळ कल्पना याहून मोठी होती. सोत्सास यांना हा टाइपरायटर अगदी स्वस्त हवा होता. फक्त मोठी अक्षरं, ओळ संपल्याची घंटी नको, प्लास्टिकही हलकं स्वस्त चालेल. पेनासारखा कुणाच्याही हातात जावा. कंपनीने हे मानलं नाही. घंटी आली, छोटी अक्षरं आली, किंमत वाढली. व्हॅलेंटाईन फारसा विकला गेला नाही. तरी त्याला १९७० मध्ये कोंपासो द'ओरो मिळाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो जाऊन बसला. ज्याला सगळ्यांच्या हातात जायचं होतं, तो काचेच्या पेटीत गेला. पुढे स्वतः सोत्सासही त्याच्यावर नाराजच राहिले.

वस्तूंचाच कंटाळा आला तेव्हा

इथे मला हा माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. नाव आहे, पुरस्कार आहेत, मोठी कंपनी पाठीशी आहे. आणि मनात शंका. आपण डिझाइन कशासाठी करतोय? लोकांचं जगणं सुंदर व्हावं म्हणून, की गरज नसलेली वस्तू त्यांनी विकत घ्यावी म्हणून? दरवर्षी नवा मॉडेल बघून तुम्हालाही असं कधी वाटलं असेल.

१९७० च्या दशकात त्यांनी बराच काळ वेगळंच काम केलं. स्पेनमधल्या डोंगरांत आणि ओसाड जागी जायचं. काठ्या, दोऱ्या, कापडाच्या पट्ट्या घेऊन काहीतरी उभारायचं. वाऱ्यात उभं असलेलं दार, जे कुठेच जात नाही. झोपता येणार नाही असा पलंग. त्याचा फोटो काढायचा आणि निघून यायचं. विकायला काही नाही. या फोटोंना त्यांनी 'रूपकं' असं नाव दिलं. १९७२ पासून १९७९ पर्यंत हे चाललं. सल्लागार राहण्याचा फायदा इथे झाला. नोकरी असती तर ही मोकळीक मिळाली नसती. दुसरीकडे ऑलिव्हेट्टीचं ऑफिस फर्निचरही ते करत होते. एक पाय कारखान्यात, एक पाय ओसाड माळावर.

याच काळात पिव्हानो आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९७६ मध्ये बार्बरा रादीचे या तरुण लेखिकेशी भेट झाली आणि ती साथ अखेरपर्यंत टिकली.

आता येऊया त्या टेबलाकडे

१९७६ मध्ये मिलानमध्ये आलेस्सांद्रो ग्वेर्रिएरो यांनी स्टुडिओ अल्किमिया सुरू केला. अल्किमिया म्हणजे किमया, लोखंडाचं सोनं करण्याची विद्या. १९७९ च्या आसपास या स्टुडिओने एक संग्रह आणला आणि त्याला मुद्दाम नाव दिलं बाऊहाऊस. बाऊहाऊस ही जर्मनीतली १९१९ साली सुरू झालेली शाळा, जिने आधुनिक डिझाइनचे धडे घालून दिले. थोडक्यात तिचा वारसा असा समजला गेला: वस्तूचा आकार तिच्या कामावरून ठरावा, नक्षी नको, उगाच रंग नको. आज आपण ज्याला क्लीन लूक म्हणतो, तो याच वाटेने आला.

सोत्सास यांचं काचेचं टेबल याच संग्रहात होतं. त्याची गंमत समजायला काचेचं काम समजून घेऊ. लाकडी टेबलात वरची फळी सगळं झाकते. पाय कसे जोडलेत, वजन कुठून खाली जातंय, दिसत नाही आणि आपण विचारही करत नाही. वर काच ठेवली की फळी गायब होते आणि सांगाडा उघडा पडतो. त्या काळात इटलीत काचेच्या टेबलांची चलती होती. संगमरवरी खांबांवर काच, चकचकीत स्टीलवर काच. सगळ्यांचा सूर एकच: बघा, आमचा सांगाडा किती भक्कम, किती शिस्तीचा.

सोत्सास यांनी नेमकं उलटं केलं. काच ठेवली, सांगाडा दाखवला, आणि तो सांगाडा थरथरताना दाखवला. टेबल पडत नाही बरं का. नळ्या धातूच्या आहेत, पायाशी घट्ट बसवलेल्या आहेत. थरथर फक्त डोळ्याला जाणवते. पण त्यावर पेला ठेवताना हात क्षणभर अडखळेल की नाही? तेच त्यांना हवं होतं. आपण ज्याला पक्कं धरून चालतो, ते इतकं पक्कं असतं का? दोन वर्षांत आद्रियानो आणि चू यांना गमावलेला, स्वतः मरणाच्या दारातून परतलेला माणूस हे विचारतोय, हे लक्षात घेतलं की ते टेबल नुसता विनोद वाटत नाही. नियम मोडून, रंग, नक्षी, थट्टा, जुन्याच्या खुणा परत आणणाऱ्या या पद्धतीला पोस्टमॉडर्न म्हणतात.

जाता जाता काचेचं तंत्रही सांगतो. आज काचेच्या टेबलाला सहसा टफन्ड काच वापरतात. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि गार हवेच्या झोताने पटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. तडा जायला आधी हा दाब मोडावा लागतो. फोनच्या स्क्रीनची काच खूप पातळ असल्याने तिथे दुसरी युक्ती करतात. काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन बाहेर जातात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. दाटी होते आणि पृष्ठभाग पुन्हा दाबाखाली. रस्ता वेगळा, तत्त्व तेच.

मेम्फिस: एका रात्रीत पडलेलं नाव

अल्किमियाचं काम प्रदर्शनापुरतं राहतंय, असं सोत्सास यांना वाटू लागलं. डिसेंबर १९८० मध्ये मिलानमधल्या त्यांच्या घरी काही तरुण डिझायनर जमले. मिकेले दे लुक्की, मार्को झानिनी, मार्तिन बेदँ असे विशीतिशीतले. सोत्सास स्वतः ६३ वर्षांचे! आपल्याकडे या वयात माणूस पेन्शन घेऊन सकाळी फिरायला जातो. यांनी पोरांना घेऊन ग्रुप काढला. रेकॉर्ड प्लेअरवर बॉब डिलनचं एक गाणं सारखं वाजत होतं आणि त्यात मेम्फिस हा शब्द येत होता. अमेरिकेतलं ब्लूज संगीताचं शहर मेम्फिस, प्राचीन इजिप्तची राजधानीही मेम्फिस. ग्रुपचं नाव ठरलं.

सप्टेंबर १९८१ मध्ये मिलानला पहिलं प्रदर्शन झालं. ५५ वस्तू: फर्निचर, दिवे, घड्याळं, सिरॅमिक. गर्दी रस्त्यावर आली. सगळ्यात गाजलं ते सोत्सास यांचं कार्ल्टन. हे पुस्तकांचं कपाट आहे, पण तिरक्या फळ्यांमुळे हात पसरून उभ्या असलेल्या रंगीत माणसासारखं किंवा देवासारखं दिसतं. आणि ते मढवलंय कशाने? प्लास्टिक लॅमिनेटने, म्हणजे आपल्या भाषेत सनमायका! तेव्हा लॅमिनेट म्हणजे स्वस्त हॉटेल आणि स्वयंपाकघराचा ओटा. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात संगमरवर आणि सागवान असायचं. सोत्सास यांनी ओट्याचं मटेरियल दिवाणखान्यात आणून उभं केलं. आबेत लामिनाती या कंपनीसाठी त्यांनी १९७८ मध्येच एक नक्षी काढली होती, पांढऱ्यावर वळवळणाऱ्या काळ्या रेघा. नाव बॅक्टेरिओ. ती मेम्फिसची ओळखच बनली.

हे सगळं एकट्याचं काम नव्हतं. रेन्झो ब्रुगोला हे त्यांचे जुने सुतार मित्र. त्यांच्या वर्कशॉपशिवाय यातल्या किती वस्तू कागदावरून खाली उतरल्या असत्या, कोण जाणे. दिवे बनवणाऱ्या आर्तेमिदे कंपनीचे एर्नेस्तो जिस्मोंदी यांनी पैशाची बाजू सांभाळली. मुरानोच्या काच कारागिरांनी रंगीत पात्रं केली. नाताली द्यु पास्किए यांनी भन्नाट नक्ष्या काढल्या. दे लुक्की आणि जॉर्ज सोडेन हे तर ऑलिव्हेट्टीसाठीही काम करायचे. म्हणजे दिवसा कॉम्प्युटर आणि रात्री मेम्फिस.

आणि मग पुन्हा तेच झालं

मेम्फिस जगभर पसरलं. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी मोंते कार्लोमधलं अख्खं घर त्याने सजवलं. टीव्हीचे सेट, कपडे, पोस्टर, सगळीकडे त्याच रेघा आणि त्रिकोण. १९८० च्या दशकाची आठवण म्हणून आज जे रंगीत डिझाइन वापरतात, त्यात मोठा वाटा मेम्फिसचा आहे. पण वस्तू थोड्याच बनत होत्या आणि महाग होत्या. स्वस्त सनमायकाचं कपाट संग्राहकांची चैन बनलं. चेष्टा म्हणून केलेली गोष्ट स्टाइल झाली. १९८५ मध्ये, ऐन प्रसिद्धीत, सोत्सास यांनी मेम्फिस सोडलं. काही वर्षांत ग्रुपही थांबला.

विचार करा, दोनदा तेच घडलं. व्हॅलेंटाईन सगळ्यांसाठी होता, तो संग्रहालयात गेला. मेम्फिस प्रतिष्ठेची टर उडवायला निघालं, तेच प्रतिष्ठेचं चिन्ह झालं. गायक डेव्हिड बोवी यांच्याकडे मेम्फिसचा मोठा संग्रह होता. त्यांच्या निधनानंतर २०१६ मध्ये लंडनला लिलाव झाला. त्यात त्यांचा लाल व्हॅलेंटाईन टाइपरायटरही होता. अंदाज होता काहीशे पौंडांचा, गेला ४५,००० पौंडांना. पेनासारखा स्वस्त व्हावा म्हणून जन्मलेली वस्तू!

मेम्फिसनंतर सोत्सास पुन्हा आपल्या पहिल्या शिक्षणाकडे वळले. घरं बांधली. त्यातलं एक कॅलिफोर्नियात, डेव्हिड केली यांचं. हे केली म्हणजे आयडिओ कंपनीचे संस्थापक. त्यांच्या आधीच्या टीमने ॲपलचा पहिला माऊस घडवला होता. खोलीभर कॉम्प्युटरला चेहरा देणाऱ्या माणसाने, हातात मावणाऱ्या माऊसवर काम केलेल्या माणसाचं घर बांधलं. तेही ज्या भागात १९६२ मध्ये त्यांचा जीव वाचला होता, त्याच्या जवळच.

३१ डिसेंबर २००७ रोजी मिलानमध्ये त्यांचं निधन झालं. वय ९०.

मग आपल्या फोनचं काय?

ते वर्ष पुन्हा वाचा. २००७. याच वर्षी पहिला आयफोन आला. सोत्सास गेले ते त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी. तेव्हापासून फोन म्हणजे काचेची एक काळी पाटी. सगळे सारखे, सगळे गुळगुळीत. वर काच असूनही आतलं काही दिसत नाही. थरथरणाऱ्या टेबलाच्या बरोबर उलट.

आणि आपण काय करतो? फोन घेतला की दुसऱ्या दिवशी रंगीत कव्हर आणतो. मागे स्टिकर लावतो, वॉलपेपर बदलतो, कुणी कव्हरमध्ये गणपतीचा फोटो ठेवतो. कामाला यातलं काहीच लागत नाही. तरी करतो, कारण दिवसभर हातात असणारी वस्तू आपली वाटावी असं प्रत्येकाला वाटतं. सोत्सास यांना १९६१ मध्ये आपल्या देशात फिरताना बहुधा हेच दिसलं असावं.

कंपन्यांना त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं नाही आणि बाजाराने त्यांच्या वस्तू महाग करून टाकल्या. पण एलेआची ती कमी उंचीची कपाटं मला विसरता येत नाहीत. मशीन कितीही हुशार असो, ते दोन माणसांच्या मध्ये भिंत होऊ नये. आज घरी जेवायला बसाल तेव्हा टेबलावर, नाहीतर पाटाशेजारी, फोन उलटा ठेवून बघा. पलीकडचा माणूस दिसतोय ना?

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी कामापेक्षा जास्त काहीतरी आहे? आजोबांचा रेडिओ, आईचं शिलाई मशीन? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या लेखात.